सत्तेचाळीस नंबरचे बूच

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे आणि माझे बूच निघत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहिले की प्रत्येकाचा हात पहिल्यांदा बुचाकडेच जातो. पिळू नका, ठोकू नका. तुमच्याआधी ते सगळे करून झाले आहे. माझ्या पोटात अर्धा लिटर धुण्याच्या सोड्याचे पाणी आहे. ते आत, जग बाहेर आणि मधे मी, अशी गेली दोन वर्षे चालली आहेत.

मी जन्मापासून अशी कोंडलेली नाही. माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. एका कारागिराने लांब नळीच्या टोकावर मधासारखा दाट, लाल गोळा उचलला, त्यात फुंकर घातली आणि साच्यात माझे पोट घडवले. मग मला एका लांबलचक भट्टीत अगदी सावकाश गार होऊ दिले. घाईने गार झालेली काच ताण धरून बसते आणि पुढे कधीतरी उगीच निमित्त होऊन तडकते. त्यानंतर मी घासणाऱ्या बाईंच्या हाती गेले. त्यांनी माझ्या गळ्यात एक काचेचे बूच बसवले, मधे बारीक पूड आणि पाणी घातले आणि आम्हा दोघांना एकमेकांवर इतके फिरवले की दोघांचाही तेवढा भाग दुधी झाला. आमच्यामधून हवासुद्धा जाईना. मग हिऱ्याच्या टोकाने त्यांनी माझ्या ओठावर ४७ कोरले आणि बुचावरही ४७ कोरले.

“घे, लागलं तुझं लग्न,” त्या म्हणाल्या आणि अठ्ठेचाळीस नंबरची बाटली हाती घेतली.

खरेच, ते लग्नच होते. माझे बूच दुसऱ्या कुणाला बसत नाही आणि दुसऱ्या कुणाचे मला बसत नाही.

आम्ही दोघे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत रुजू झालो. खिडकीखालच्या फळीवर माझी जागा होती आणि माझ्यात पातळ आम्ल असे. प्रयोगशाळेची सगळी व्यवस्था एका बाईंकडे होती. मुले त्यांना ताई म्हणत आणि घरी त्यांचा भाचा त्यांना आत्या म्हणे. मी पुढे त्या घरात गेले, म्हणून मीही आत्याच म्हणते.

आत्या दर वर्षी नव्या वर्गापुढे मला एका हातात आणि शेजारची क्षाराची बाटली दुसऱ्या हातात धरत.

“आम्लाला काचेचं बूच, क्षाराला रबरी. उलटं केलंत तर बूच असं बसेल की तुमची नातवंडंसुद्धा ते काढू शकणार नाहीत.”

“का, ताई?” कुणीतरी विचारीच.

“क्षार काच खातो. हळू खातो, पण खातो. गुळगुळीत काचेवर त्याचा दात लवकर लागत नाही. घासलेली काच म्हणजे त्याच्यापुढे वाढून ठेवलेलं ताट. खाल्लेली काच सांध्यात सुकते आणि सिमेंटसारखी धरते. लिहून घ्या.”

एकतीस वर्षे त्यांनी हे सांगितले आणि एकतीस वर्षे मुलांनी लिहून घेतले. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला उजेडात धरून म्हटले होते, “इतकी स्वच्छ बाटली मी पाहिली नाही.” त्या दिवशी आत्यांनी मला दोनदा पुसले.

मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. त्या पडल्या तरी फुटत नव्हत्या. आम्हा काचेच्यांना एका खोक्यात घालून मोरीखाली सरकवले. वर नळ गळायचा. तीन वर्षे मी ते थेंब ऐकले. आत्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी शालीऐवजी मला मागितले. “भेट म्हणून बाटली?” प्राचार्य हसले. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टरवर सही केली आणि मला टॉवेलात गुंडाळून घरी आणले.

घरात तीन माणसे होती. आत्या, त्यांचा भाचा आणि भाचेसून. भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा. भाचेसून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नाजूक बोटांचे काम, पण तिची बोटे त्या वर्षी कोरड्या चिखलासारखी भेगाळली होती. धुण्याच्या विकतच्या पावडरीत काहीतरी होते, ते तिला सोसत नव्हते. एकदा गिऱ्हाइकाच्या काचेवर रक्ताचा ठिपका उमटला आणि मालकाने तिला बाजूला घेतले. आठ दिवसांत हात सुधारले नाहीत तर काउंटरवर बसावे लागेल, काचांना हात लावायचा नाही, असे तो म्हणाला.

“आत्या, मी कपडे धुते की कपडे मला धुतात, तेच कळत नाही बघा,” ती हात पुढे करून म्हणाली.

आत्यांनी ते हात उजेडात धरले, जसे त्या मला धरत. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराशेजारी एक फळी ठोकली गेली आणि घरात प्रयोग सुरू झाले.

त्यांनी जुन्या चादरीचे सारखे तुकडे कापले. प्रत्येकावर चहाचा, तेलाचा, शाईचा आणि चिखलाचा एकेक डाग पाडला. सहा वाडगी, प्रत्येकात सारखेच पाणी, पंधरा मिनिटे भिजवणे, वीस वेळा चोळणे. एकात रिठे उकळून काढलेले पाणी, एकात धुण्याचा सोडा, एकात किसलेला साधा साबण, एकात यांतल्या दोन गोष्टी मिळून आणि एकात नुसते पाणी, कारण नुसत्या पाण्याने किती निघते हे माहीत नसेल तर बाकीच्यांचे कौतुक कशाच्या आधारावर करायचे? सहाव्या वाडग्यात विकतची पावडर होती. शाईच्या डागावर तीच जिंकली आणि आत्यांनी वहीत तसेच लिहिले.

सगळे लगेच जमले नाही. रिठ्यांचे पाणी फार दाट झाले आणि भाच्याचा पांढरा सदरा पिवळट झाला. सोडा जास्त पडला तेव्हा टॉवेल असा कडक वाळला की भाच्याने तो भिंतीला टेकवून उभा केला आणि म्हणाला, “पाहुणे आलेत, चहा टाका.” एका दुपारी भाचेसुनेने फोनवर काहीतरी पाहिले आणि सोड्यात भसाभस व्हिनेगर ओतले. बादली फसफसून वर आली.

“आत्या, बघा तरी! किती ताकद आहे!”

“होती,” आत्या म्हणाल्या. “दोघांनी मिळून एकमेकांची जिरवली. आता उरलं ते खारट पाणी. फेस म्हणजे सफाई नव्हे गं. सोडा धुताना, व्हिनेगर शेवटच्या पाण्यात. दोघांची गाठ घालायची नाही.”

अखेर रीत ठरली. रोजच्या कपड्यांना रिठ्यांचे पाणी. तेलकट कपड्यांच्या बादलीत मोजून दोन चमचे सोड्याचे पाणी, ढवळायला लाकडी काठी, हात अजिबात घालायचा नाही. शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर, म्हणजे कापडात सोडा उरत नाही. मालकाचे आठ दिवस संपले आणि भाचेसून काउंटरवर बसली. पण तिसऱ्या आठवड्यात तिने रेशमी धाग्यावरून बोट फिरवले आणि धागा कुठे अडकला नाही. पाचव्या आठवड्यात ती पुन्हा काचा घासू लागली. त्या दिवशी तिने आत्यांना मिठी मारली. आत्या म्हणाल्या, “पुरे, पुरे, तारीख लिहू दे.”

या सगळ्यात मी सोड्याचे पाणी सांभाळत होते. सोडा म्हणजे क्षार, म्हणून अर्थात रबरी बुचाने. माझे सत्तेचाळीस नंबरचे बूच फळीखालच्या ड्रॉवरमध्ये मऊ कापडात झोपले होते. नियम मला पाठ होता, म्हणून तक्रार नव्हती. पण रबराशी संसार म्हणजे मुक्याशी संसार. काचेवर काच टेकते तेव्हा एक बारीक आवाज होतो. तो मी किती दिवसांत ऐकला नव्हता.

मग एके दिवशी फ्रिजमध्ये एक बाटली चिठ्ठीशिवाय राहिली. भाचा उन्हातून दमून आला. गार कॉफी समजून त्याने तपकिरी पाण्याचा मोठा घोट घेतला आणि दुसऱ्या क्षणी मोरीकडे धावला.

“काय झालं?” भाचेसून ओरडली.

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडले, तर बुडबुडा आला. भाचेसून भिंतीला धरून हसत सुटली.

“हसू नकोस! रिठे आहेत ते!”

“जीभ धुऊन झाली असेल तर आता शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घ्या!”

आत्या मात्र बाटली फिरवून फिरवून पाहत होत्या. “मी चिठ्ठी लावली होती,” त्या म्हणाल्या. चिठ्ठी कुठेच नव्हती. पंधरा दिवसांनी रिठे उकळायला ठेवून त्या गच्चीवर गेल्या आणि तिथेच कपडे घड्या घालत बसल्या. पातेले जळून कोळसा झाले. घरभर कडू धूर झाला.

भाचा कुणावर ओरडणारा नव्हता. तो ओट्याला टेकून हळूच म्हणाला, “आत्या, आमच्याकडं दोनदा इशारा देतात. तिसऱ्यांदा लिफ्ट बंद करून पाटी लावतात. अजून एक असं झालं ना, तर ही फळी मी रिकामी करीन. घरात माणसं राहतात.”

“बरोबर आहे तुझं,” आत्या म्हणाल्या. पण त्यांचा हात फळीच्या कडेवर होता आणि तो त्यांनी काढला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, सगळ्यांना महिनाभर भाचेसुनेच्या माहेरी जायचे होते तेव्हा, निघण्याच्या गडबडीत आत्यांनी मला नव्या सोड्याच्या पाण्याने भरले. मग ड्रॉवर उघडला. मऊ कापड उलगडले. माझ्या गळ्यात माझे सत्तेचाळीस नंबरचे बूच उतरले आणि तो बारीक आवाज झाला.

मित्रांनो, मी खरे सांगते. मला आनंद झाला. नियम मला ठाऊक होता, तरीही झाला. मी ओरडू शकत नाही हे खरे, पण ओरडता आले असते तरी त्या क्षणी मी ओरडले असते का, हे मला अजून सांगता येत नाही.

महिनाभर घर बंद होते. पहिल्या आठवड्यात सोडा सांध्यात चढला. मग तो हळूहळू माझा गळा खाऊ लागला. दुखत नव्हते. फक्त माझे कुठे संपते आणि बुचाचे कुठे सुरू होते, ते कळेनासे झाले. ज्याची वाट पाहिली, तेच आता माझ्या तोंडावर भिंतीसारखे उभे होते.

परत आल्यावर आत्यांनी पहिल्या धुण्यालाच मला उचलले आणि बूच फिरवले. ते हलले नाही. त्यांनी पुन्हा फिरवले. मग कोमट पाण्यात भिजवलेले फडके गळ्याभोवती गुंडाळले, लाकडी चमच्याने चारी बाजूंनी हलके टकटक केले. प्रयोगशाळेत करत तसेच, अगदी क्रमाने. आणि मग त्यांचे हात थांबले. त्यांनी एप्रनच्या खिशात हात घातला. रबरी बूच तिथे होते, महिनाभर तिथेच.

आत्या उपड्या बादलीवर बसल्या. त्यांच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कुणाला कळले नसते की काय झाले आहे. बाकी कुणाला नुसते अडकलेले बूच दिसले असते.

“हे मी नाही केलं,” त्या मला म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मीच केलं.”

बाहेर भाच्याची चप्पल वाजली. आत्यांनी मला उचलले आणि कपडे धुण्याच्या यंत्रामागे, भिंत आणि पाइप यांच्या वीतभर फटीत कोंबले. भाचेसुनेला त्यांनी सांगितले, “सत्तेचाळीस फुटली. मी नवीन डबा केलाय.”

त्या फटीत मी चार महिने होते. दिवस कळत नव्हते, मी धुणी मोजत होते. पाणी भरायचे, यंत्र घुमायचे, शेवटी ते इतके थरथरायचे की मी भिंतीवर आपटायची आणि पाइप मला परत ढकलायचा. पुढे पत्रा, मागे भिंत, पायाशी ओल्या लोकरीसारखी धुण्यातली गुठळी झालेली धूळ. उजेड म्हणजे वरून येणारी सुतासारखी एक रेघ. आत सोडा आपले काम करत होता. तो कधी थकत नाही.

पण मी एकटी कोंडलेली नव्हते. यंत्राच्या पलीकडून मला आत्यांचा आवाज यायचा. पूर्वी त्या काम करताना गुणगुणत. आता दर वेळी पाणी ओतण्याआधी हलक्या आवाजात म्हणत, “क्षाराला रबरी. क्षाराला रबरी.” धडा पाठ न झालेल्या मुलीसारख्या. भाचेसुनेने एकदा विचारले, “आत्या, मनगटावर पेनानं काय लिहिलंय?” आत्या म्हणाल्या, “काही नाही गं, यादी आहे.” त्यांना कुणाला विचारताही येत नव्हते, कारण विचारले की कळणार, आणि कळले की फळी जाणार. फळी गेली की त्या घरात त्यांनी करायचे काय? नुसते बसायचे?

एका सकाळी यंत्र घुमताना मी फार जोरात आपटू लागले. ठक ठक ठक.

“बेअरिंग गेलं वाटतं,” भाचा म्हणाला आणि त्याने यंत्र पुढे ओढले. चार महिन्यांचा अंधार एकदम माझ्या अंगावरून निघाला. “अरेच्चा! आत्या, दारूबिरू लपवलीत काय?”

 त्याने बूच धरले आणि खिशातली पकड काढली. “बसलंय घट्ट. एका झटक्यात काढतो.”

“थांबा!” भाचेसून मधे पडली. “घासलेली काच आहे ती. गळा तुटेल आणि सोडा डोळ्यांत जाईल. ठेवा खाली.”

त्याने मला खाली ठेवले आणि दोघींकडे पाहिले. लिफ्टचा माणूस तो, काय कुठे अडकले आहे ते त्याला लवकर कळते. “ही फुटली होती ना? इथं कुणी ठेवली?”

आत्यांनी मनगट दुसऱ्या हाताने झाकले. भाचेसुनेने एकदा त्यांच्या मनगटाकडे पाहिले आणि म्हणाली, “मी. माझ्याच हातून बूच चुकीचं लागलं. तुम्ही रागवाल म्हणून लपवली.”

“खोटं बोलू नकोस,” आत्या म्हणाल्या.

“आत्या, राहू द्या ना—”

“निरीक्षण खोटं लिहायचं नाही. मी एकतीस वर्षं कुणाला लिहू दिलं नाही.” त्या भाच्याकडे वळल्या. “सोड्याला काचेचं बूच लावत नाहीत. हे मी हजार पोरांना शिकवलं असेल. आणि हे मी लावलं. कधी लावलं, ते मला आठवत नाही. आठवून आठवून दमले रे. नुसतं बूच नाही. पातेलं पण आठवत नाही. लोक सांगतात म्हणून मी हो म्हणते. ही तिसरी चूक. कर फळी रिकामी.”

आत्या उपड्या बादलीवर बसल्या. भाच्याने पकड खिशात टाकली. मग तो ओल्या फरशीवर, आत्यांच्या बादलीशेजारी, तसाच खाली बसला.

“आत्या, लिफ्टमध्ये माणूस अडकलं की आम्ही आधी काय करतो, माहीत आहे?”

“दार उघडता.”

“नाही. दार उघडायला वेळ लागतो. कधी कधी तास जातो. आधी हाक मारतो. सांगतो, मी इथं बाहेर आहे, कुठं जात नाही. माणूस अर्धं त्यानंच सुटतं.”

“मग मार हाक.”

“आत्या.”

“हं,” आत्या म्हणाल्या. आणि मग त्या रडल्या. प्रयोगशाळेतल्या एकतीस वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही, ते खोटे निरीक्षण होईल. डॉक्टरांनी आत्यांना पाच शब्द सांगून परत विचारले, त्यांना तीन आठवले. गोळ्या सुरू झाल्या. शेगडी एकटीने पेटवायची नाही असे ठरले, तेव्हा आत्या चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. पण फळी राहिली. आता तिथे कॉलेजातल्यासारखे जोडीने काम चालते. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ओतायचे. आत्या वाचतात, भाचेसून ओतते. भाच्याकडे चिठ्ठ्या लावायचे काम आहे आणि तो त्या इतक्या मोठ्या अक्षरांत लिहितो की रिठ्यांच्या बाटलीवर बाटलीपेक्षा चिठ्ठीच जास्त दिसते.

मला कुणी फोडले नाही आणि उघडलेही नाही. मी फळीच्या कोपऱ्यात आहे, खिडकीजवळ. माझा गळा आता पांढरा पडला आहे. मी उघडणार नाही हे मला ठाऊक आहे. काही गोष्टी उघडत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी साबण, सोडा, रिठे घेऊन काही बनवत असेल तर बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, मोजून घाला, आणि अडकलेल्या बुचाला झटका देऊ नका. एवढे तर कुठल्याही वहीत सापडेल. माझी विनंती वेगळी आहे. आत्या काही दिवशी माझ्यासमोर थांबतात, काचेवर बोट ठेवतात आणि विचारतात, “यात काय आहे गं?” भाचेसून हातातले काम ठेवून सांगते, “सोड्याचं पाणी आहे, आत्या. घासलेल्या काचेचं बूच आहे, म्हणून निघत नाही.” काल त्यांनी तीनदा विचारले. तिन्ही वेळा तिने पूर्ण उत्तर दिले. “मघाशी सांगितलं ना” असे ती एकदाही म्हणाली नाही.

तुम्हीही म्हणू नका.